सुपरहिरोला म्हातारा होऊ द्या

प्रोफेसर चार्ल्स झेव्हियर हे पात्र मोठ्या पडद्यावर आजवर तीनदा मेले आहे आणि तिन्ही वेळा ती भूमिका पॅट्रिक स्टुअर्ट यांनीच केली आहे. २००६ च्या ‘एक्स-मेन: द लास्ट स्टँड’मध्ये झेव्हियरची लाडकी शिष्या जीन ग्रे त्याच्या देहाचे कण कण करून टाकते. २०१७ च्या ‘लोगन’मध्ये शेतावरच्या एका घरात, झोपायच्या खोलीत, त्याच्या छातीत धातूच्या नख्या खुपसल्या जातात. २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये जादूगारीण वांडा त्याची मान मोडते. पात्र तेच, नट तोच, मरणे तीन. पहिल्या मरणाने धक्का बसतो, तिसरे डोळ्यांसमोरून निघून जाते. दुसरे मात्र ज्याने पाहिले त्याच्या मनातून सहसा जात नाही. दिग्दर्शकाचे कसब हे त्याचे एक कारण आहेच, पण तेवढ्याने या फरकाचा उलगडा होत नाही. ‘लोगन’मधला झेव्हियर मरण्याआधी म्हातारा होतो, बाकीच्या दोन चित्रपटांत तो नुसताच मरतो. एक्स-मेन या चित्रमालिकेच्या पाव शतकाच्या वाटचालीतले चढ आणि उतार मला या एका गोष्टीपाशी येऊन मिळालेले दिसतात. नटाच्या देहावर उतरणारे वय या मालिकेने जिथे जिथे कथेत येऊ दिले तिथे ती उंच गेली, आणि जिथे जिथे त्या वयाकडे पाठ फिरवली तिथे ती पोकळ होत गेली.

वयाकडे पाठ फिरवण्याच्या या सवयीचे मूळ कॉमिक्सच्या धंद्यात आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी एक्स-मेनचा पहिला अंक १९६३ साली आणला. जन्मतःच काही वेगळेपण घेऊन आलेली, त्यामुळे विलक्षण शक्ती लाभलेली आणि त्याच वेगळेपणापायी समाजाने वाळीत टाकलेली मुले, ही त्याची मूळ कल्पना. १९७५ पासून ख्रिस क्लेअरमाँट यांनी सलग सोळा वर्षे हे कथानक लिहिले आणि एका पडत्या मासिकाला अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या कॉमिक्सच्या पंक्तीत नेऊन बसवले. पण दर महिन्याला अंक काढायचा तर पात्र संपून चालत नाही. क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी १९८० मध्ये जीन ग्रेचा मृत्यू दाखवला. अब्जावधी जीवांची वस्ती असलेला एक ग्रह तिच्या हातून नष्ट झाला होता, आणि त्याची किंमत तिने मोजलीच पाहिजे असा मुख्य संपादक जिम शूटर यांचा आग्रह होता. कॉमिक्सच्या इतिहासात इतका नैतिक वजनाचा मृत्यू क्वचितच झाला असेल. सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, मेली ती जीन नव्हतीच, खरी जीन एका कोशात पाण्याच्या तळाशी झोपली होती, असे सांगून तिला परत आणले गेले. सुपरमॅन १९९२ च्या अखेरीस मेला, १९९३ मध्ये परतला. एक्स-मेनमधला वुल्व्हरीन २०१४ मध्ये मेला, २०१८ मध्ये परतला.

कागदावर हे एका मर्यादेपर्यंत निभते, कारण शाई म्हातारी होत नाही. चित्रकार बदलतो आणि चेहरा पुन्हा तिशीचा होतो. तरीही कॉमिक्सच्या उत्तम लेखकांना ही उणीव सलत असणार. फ्रँक मिलर यांनी १९८६ मध्ये पन्नाशी उलटलेला बॅटमन लिहिला, मार्क मिलर यांनी २००८ मध्ये थकलेला, शस्त्र खाली ठेवलेला वुल्व्हरीन लिहिला. दोन्ही कथा आज त्या पात्रांच्या सर्वांत गाजलेल्या कथांत गणल्या जातात, आणि दोन्ही मुख्य कथाक्रमाच्या बाहेर, बाजूला लिहाव्या लागल्या.

सिनेमाकडे ही पळवाट मुळातच नव्हती. सिनेमा नायकासाठी एक जिवंत देह उसना घेतो, आणि त्या देहाला वर्षे लागतात. जुलै २००० मध्ये ब्रायन सिंगर यांचा ‘एक्स-मेन’ आला तेव्हा मार्व्हल कंपनी दिवाळखोरीतून नुकती सावरत होती. चित्रपटाचे हक्क ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे होते आणि साडेसात कोटी डॉलरचा खर्च हा मोठा जुगार मानला जात होता. वुल्व्हरीनसाठी आधी ठरलेला नट डगरे स्कॉट दुसऱ्या चित्रीकरणात अडकला, म्हणून ऐनवेळी ह्यू जॅकमन हा अमेरिकेबाहेर थोडाबहुत माहीत असलेला एकतीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन नट आला. चित्रपटाने जवळपास तीस कोटी डॉलर कमावले आणि पुढच्या सगळ्या सुपरहिरोपटांची वाट खुली केली. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे पहिले दृश्य. १९४४, जर्मनांच्या ताब्यातला पोलंड, पाऊस, चिखल. छावणीच्या फाटकापाशी एका ज्यू मुलाला आईबापांपासून ओढून वेगळे केले जाते. त्याचा आक्रोश वाढतो आणि लोखंडी फाटक त्याच्या दिशेने वाकू लागते. पुढे मॅग्नेटो होणारा हाच तो मुलगा. सुपरहिरोपटाने आपल्या खलनायकाच्या द्वेषाला तारीख दिली, ठिकाण दिले. विसाव्या शतकातल्या सर्वांत भीषण घटनेशी कथेची गाठ मारली, आणि त्यामुळे वर्षे मोजण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. १९४४ मध्ये लहान असलेला माणूस २००० मध्ये इयन मॅकेलन यांच्यासारखा साठीचा, पांढऱ्या केसांचा दिसणार, हे त्या चित्रपटात अगदी साध्या हिशेबाने जुळलेले होते.

ही जबाबदारी मालिकेने फार लवकर झटकली. ‘द लास्ट स्टँड’ची सुरुवातच मोठी बोलकी आहे. वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. झेव्हियर आणि मॅग्नेटो लहानग्या जीनच्या घरी जातात, आणि संगणकाने स्टुअर्ट व मॅकेलन यांच्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या पुसलेल्या असतात. संगणकाने नटाला तरुण करण्याच्या आजच्या सर्रास चाललेल्या तंत्राचा हा अगदी सुरुवातीचा ठळक वापर. चेहरे गुळगुळीत झाले आणि त्यांच्याबरोबर नजरेतली हालचालही गोठली. त्याच चित्रपटात झेव्हियरचा शिष्य सायक्लॉप्स पडद्याबाहेरच मरतो, झेव्हियर मरतो, जीन मरते, आणि नामावली संपल्यावर झेव्हियरचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या देहातून ऐकू येतो. २०१३ च्या ‘द वुल्व्हरीन’च्या शेवटी तर तो आपल्या नेहमीच्या देहात, नेहमीच्या चाकाच्या खुर्चीत विमानतळावर हजर होतो. हा देह आला कुठून, याचे उत्तर प्रेक्षकाला मिळत नाही. मिळाले असते तरी फार काही साधले नसते, कारण प्रेक्षकाने तोवर धडा घेतलेला असतो: या जगात कुणाच्या मरणावर अश्रू ढाळण्यात अर्थ नाही.

२०११ मध्ये ‘फर्स्ट क्लास’ने नव्या, तरुण नटांसह मालिका पुन्हा उभी केली. जेम्स मॅकव्हॉय झेव्हियर झाला, मायकेल फॅसबेंडर मॅग्नेटो. कथा १९६२ ची, क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचाची. हा चित्रपट चांगलाच आहे, आणि त्याने छावणीच्या फाटकाचे ते पहिले दृश्यही पुन्हा साकारले. त्यानंतरचा प्रत्येक चित्रपट साधारण एक दशक पुढे सरकला: ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ १९७३ मध्ये, ‘अपोकॅलिप्स’ १९८३ मध्ये, ‘डार्क फिनिक्स’ १९९२ मध्ये. कपडे बदलले, गाड्या बदलल्या, केसांच्या तऱ्हा बदलल्या. माणसे मात्र होती तशीच राहिली. १९४४ मध्ये बारा-तेरा वर्षांचा दिसणारा मॅग्नेटो १९९२ मध्ये साठीला टेकायला हवा, आणि पडद्यावर होता तो चाळिशीच्या आसपासचा, काटक, काळ्याभोर केसांचा फॅसबेंडर. तीस वर्षांत याने काय भोगले, कोण गमावले, काय विसरला, याची एकही खूण चेहऱ्यावर नाही. ‘अपोकॅलिप्स’मध्ये त्याला पुन्हा ऑशविट्झला आणून उभे केले जाते आणि तो आपल्या शक्तीने सगळी छावणी उद्ध्वस्त करतो. पहिल्या चित्रपटातले वाकणारे फाटक आणि हा विध्वंस शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या दृश्यात एका पोराच्या दुःखाने लोखंड हलते. दुसऱ्यात संगणकावर रचलेला ढिगारा उडतो, कारण मधल्या चाळीस वर्षांचे ओझे वाहणारा माणूसच तिथे नाही.

यावर कुणी म्हणेल की ही तारखांची किरकोळ हमालीच झाली. एक्स-मेन मालिकेचा कालक्रम गोंधळाचाच आहे, हे तिच्या चाहत्यांनीही केव्हाच मान्य केले आहे, मग पात्रांच्या वयाचा हिशेब कशाला? आक्षेप योग्य आहे, पण माझे भांडण तारखांशी नाही. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ तारखांच्या बाबतीत मालिकेतला सर्वांत बेछूट चित्रपट आहे, आधीच्या तीन चित्रपटांतले बरेच काही तो सरळ पुसून टाकतो. तरीही तो मनाला भिडतो, आणि पंचाहत्तर कोटी डॉलरच्या आसपास कमाईही करतो. त्याचे मर्म एका दृश्यात आहे. खचलेला, दारूच्या आहारी गेलेला, विश्वास गमावलेला तरुण झेव्हियर वुल्व्हरीनच्या मनातून वाट काढत पन्नास वर्षे पुढच्या स्वतःसमोर येऊन उभा राहतो. मॅकव्हॉयचा पेटलेला चेहरा आणि स्टुअर्ट यांचा निवलेला, सोसून शहाणा झालेला चेहरा एकाच चौकटीत. तिथे वय हेच संवादाचे काम करते. म्हाताऱ्या झेव्हियरने पुढे काय काय भोगले हे सांगावे लागत नाही, ते दिसते. कालक्रम मोडला तरी चालतो. वय मोडून चालत नाही.

आणि मग ‘लोगन’. जेम्स मँगोल्ड यांचा हा चित्रपट सुरू होतो तेव्हा सन २०२९ आहे आणि वुल्व्हरीन भाड्याने चालवायच्या लांबलचक गाडीत दारू पिऊन झोपलेला आहे. बाहेर काही भुरटे चोर गाडीची चाके काढताहेत. तो उतरतो, अडखळतो, गोळी खातो, खाली पडतो. नख्या बाहेर येतात, पण एक अर्धीच येते. आधीच्या सगळ्या चित्रपटांत सर्रकन निघणारे ते शस्त्र असे अडकलेले पाहिले की काय घडले आहे ते क्षणात कळते. जखमा पूर्वीसारख्या भरत नाहीत. ज्या धातूने त्याची हाडे अभेद्य केली, तोच धातू आता विष होऊन अंगात भिनला आहे. बारीक अक्षर वाचायला त्याला चष्मा लागतो. सीमेपलीकडे मेक्सिकोत एका बंद पडलेल्या कारखान्यात पाण्याची जुनी टाकी आडवी पडली आहे, आणि तिच्या पोटात नव्वदी गाठलेला झेव्हियर ठेवला आहे. जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू आता स्मृतिभ्रंशाने पोखरला आहे. त्याला झटका आला की आजूबाजूची माणसे जागच्या जागी थिजतात, म्हणून त्याला वस्तीपासून लांब ठेवून वेळेवर गोळ्या द्याव्या लागतात. वुल्व्हरीन त्या गोळ्या चोरून विकत आणतो, त्याला उचलून गाडीत बसवतो, स्वच्छतागृहात नेतो, त्याच्या शिव्या खातो. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे त्यांना यातला चिडचिडेपणा आणि माया दोन्ही ओळखू येतील. इथे जग वाचवायचे नाही. इथे लॉरा नावाच्या एका मुलीला सीमेपार पोचवायचे आहे आणि एका म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सांभाळायचे आहे.

हे दृश्य कुठल्याही चांगल्या नटाला घेऊन असे उतरले असते का? मला तसे वाटत नाही. जॅकमन इथे अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि आपण त्याला एकतीस वर्षांचा पाहिलेले आहे. सतरा वर्षांचा हा काळ रंगभूषेने चेहऱ्यावर चढवता येत नाही. २००० मध्ये शाळकरी असलेला प्रेक्षक २०१७ मध्ये नोकरदार, कदाचित बाप झालेला असतो. नायक आणि प्रेक्षक एकाच काळातून चालत आलेले असतात. दीर्घ चालणाऱ्या चित्रमालिकेकडे असलेले खरे धन ते हेच, आणि ते कुठल्याही एका स्वतंत्र चित्रपटाला, कितीही पैसा ओतला तरी, मिळवता येत नाही.

‘लोगन’मध्ये शत्रू कोण आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे मला वाटते. एका कंपनीने वुल्व्हरीनच्या पेशींपासून त्याचीच प्रतिकृती घडवली आहे. तिला एक्स-२४ म्हणतात. जॅकमननेच ती साकारली आहे, पण केस काळे, अंग पिळदार, जखमा झपाट्याने भरणाऱ्या आणि डोळ्यांत काहीही नाही. स्मृती नाही, पश्चात्ताप नाही, वय नाही. झेव्हियर त्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंथरुणावर पडून आपल्या हातून झालेल्या भयंकर चुकीची कबुली देत असतो. समोर लोगन, म्हणजे वुल्व्हरीन, उभा आहे असे त्याला वाटते. उभा असतो तो एक्स-२४, आणि तोच त्याला मारतो. शेवटी वुल्व्हरीनही याच प्रतिकृतीच्या हातून झाडाच्या खोडावर भोसकला जाऊन मरतो. म्हणजे नायकाला मारते ती त्याचीच अजर, कारखान्यात पुन्हा पुन्हा काढता येणारी आवृत्ती. अशा चित्रमालिका चालवणाऱ्या उद्योगाला इतक्या स्पष्टपणे कुणी आरसा दाखवला असेल असे मला आठवत नाही, आणि तोही त्याच उद्योगाच्या पैशातून, त्याच्याच सर्वांत लाडक्या पात्राला घेऊन. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, सुपरहिरोपटांच्या वाट्याला तोवर न आलेला मान.

आपल्याकडून याला एक वजनदार आक्षेप येऊ शकतो. पुराणपुरुष कुठे म्हातारे होतात? राम आणि कृष्ण हजारो वर्षे सांगितले जात आहेत, दर पिढीत नव्या तोंडून, आणि कॅलेंडरवर ते कायम तरुण आहेत. सुपरहिरो ही अमेरिकेची पुराणे मानली, तर त्यांनाही तीच मोकळीक का नको? पण पुराणे पुन्हा पुन्हा सांगितली जातात ती शेवटासकट. महाभारतात मौसलपर्व आहे. कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने मरतो. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत दरोडेखोर चालून येतात, आणि त्याला गांडीवाची दोरी चढवायलाही कष्ट पडतात, दिव्यास्त्रांचे मंत्र आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. अर्धीच बाहेर येणारी वुल्व्हरीनची नखी पाहताना मला तो अर्जुन आठवतो. व्यासांना नायकाची कीर्ती सांभाळायची असती तर त्यांनी कुरुक्षेत्रावर ग्रंथ मिटला असता. इरावती कर्वे यांनी महाभारतावरच्या आपल्या पुस्तकाला ‘युगान्त’ हेच नाव द्यावे, यातच त्या ग्रंथाचे वजन कुठे आहे ते कळते. अमरत्व त्या कथेत आहे, पण ते अश्वत्थाम्याच्या वाट्याला शाप म्हणून येते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दर दिवाळीत यात्रा भरते ती त्याच अश्वत्थाम्याच्या नावाने, आणि कपाळावरच्या जखमेला तेल मागत तो अजून भटकतो अशी तिथल्या मुलखात समजूत आहे. न मरणे म्हणजे काय, हे आपल्या लोकमानसाने फार पूर्वी ओळखले होते.

दुसरा आक्षेप रंगभूमीकडून येईल, आणि मराठी वाचकाला तो लगेच सुचेल. बालगंधर्व पन्नाशी ओलांडल्यावरही तरुण नायिका रंगवत होते आणि प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेत होते. प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’चे प्रयोग दशकानुदशके केले, त्यातला लखोबा लोखंडे कुठे म्हातारा झाला? हे खरे आहे, आणि रंगभूमीचे ते वैभवच आहे. पण तिथे अंतर असते. प्रकाश, वेश, स्वर आणि प्रेक्षकाने आपण होऊन केलेला करार, यांच्या जोरावर समोरचा माणूस तरुण नायिका होतो. कॅमेरा हे अंतर ठेवत नाही. तो डोळ्याच्या कोपऱ्यातल्या रेषेपर्यंत जातो आणि ती तीस फूट रुंद करून दाखवतो. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’तून बालगंधर्व पडद्यावर आले ते पुरुषवेशात, संत एकनाथ होऊन. शिवाय प्रत्येक प्रयोग पुन्हा पहिल्या घंटेपासून सुरू होतो, काल रात्रीचा लखोबा आजच्याला ओझे होत नाही. चित्रमालिका मात्र मागच्या भागाचे ओझे घेऊनच चालते, तसा दावाच ती करते, आणि ‘आधीचे पाहिले असेल तर हे पाहा’ या बोलीवर तिकीट विकते. आधीच्या वीस वर्षांचे भांडवल वापरायचे आणि ती वीस वर्षे लागलेला चेहरा मात्र लपवायचा, हे न्यायाचे नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. ‘लोगन’ने सुमारे ९.७ कोटी डॉलर खर्चून जवळपास ६२ कोटी कमावले, पण २०२४ मध्ये जॅकमनला परत आणणाऱ्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’ने १३० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. लोकांना तो परत हवा होता, मग तक्रार कशाची? हा चित्रपट मी मोडीत काढणार नाही. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सची बहुतांश मालमत्ता सुमारे ७१ अब्ज डॉलरला घेतल्यावर बंद पडलेल्या एका अख्ख्या चित्रपरंपरेला त्याने निरोप दिला, नामावलीत जुन्या चित्रपटांच्या पडद्यामागच्या आठवणी दाखवल्या, आणि हा वुल्व्हरीन दुसऱ्या विश्वातला आहे, ‘लोगन’मधला मेलेलाच आहे, असेही स्पष्ट केले. पण सुरुवातीलाच डेडपूल त्या मेलेल्याचे थडगे उकरतो, सांगाडा बाहेर काढतो आणि एका गाण्याच्या ठेक्यावर त्याच्या धातूच्या हाडांनी समोरच्यांना ठार करतो. सात वर्षांपूर्वी त्या थडग्यावरचा लाकडी क्रूस लॉराने आपल्या हाताने उपटून तिरका रोवला होता आणि क्रूसाचा एक्स झाला होता. त्या दृश्याने कमावलेले सगळे गांभीर्य इथे पाच मिनिटांच्या मारामारीत खर्ची पडते. १३० कोटींचा गल्ला जमला तो त्या थडग्यात जे पुरले होते त्याच्या किमतीवर, आणि थडगे एकदाच उकरता येते. पुढच्या वेळी त्यात काही नसेल.

न बदलणारे चेहरे घेऊन आपोआप पैसा येतो, असेही नाही. जीन ग्रेच्या त्याच कथेवर सायमन किनबर्ग यांनी दोनदा काम केले, २००६ मध्ये सहलेखक म्हणून आणि २०१९ मध्ये ‘डार्क फिनिक्स’चे लेखक-दिग्दर्शक म्हणून. वीस कोटी डॉलर लागलेल्या या दुसऱ्या प्रयत्नाला जगभरातून पंचवीस कोटींच्या आसपासच मिळाले, म्हणजे वितरणाचा खर्च धरता मोठा तोटा. कंपनीची विक्री चालू होती, प्रदर्शन लांबले, शेवट पुन्हा चित्रित करावा लागला, हे सगळे खरे आणि ते अपयशाला कारणही झाले. पण चित्रपटगृहात बसलेल्याला यातले काही ठाऊक नसते. त्याला दिसत होते ते इतकेच की तीन दशके उलटलेली माणसे तशीच कोरीकरकरीत उभी आहेत आणि त्यांच्यातली एक मरते आहे, जी याआधी दोनदा मरून झाली आहे. २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये १९८९ चा बॅटमन मायकेल कीटन परत आला तेव्हाही निव्वळ ओळखीचा चेहरा पुरेसा ठरला नाही.

मला चित्रमालिका बंद व्हाव्यात असे म्हणायचे नाही. दोन प्रामाणिक मार्ग आहेत. नट बदला आणि कथा पहिल्यापासून सांगा. बॅटमनचे हेच झाले आहे, आणि क्रिस्टोफर नोलन यांनी २०१२ मध्ये आपल्या बॅटमनला निवृत्त करून कथा संपवली म्हणून रॉबर्ट पॅटिन्सनच्या २०२२ च्या बॅटमनला मोकळे मैदान मिळाले. किंवा नट तोच ठेवा आणि त्याच्याबरोबर पात्रालाही वाढू द्या, थकू द्या, जाऊ द्या. या दोहोंच्या मधली वाट, तोच नट, तोच चेहरा, समांतर विश्वाचा आधार आणि दर वेळी पुसलेले मरण, ही सध्या सर्वांना सोपी वाटते आहे. आयर्न मॅन म्हणून २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये प्राण देणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’मध्ये डॉक्टर डूम म्हणून परतणार आहे.

त्याच ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’मध्ये पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलन असतील, अशी घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली, आणि प्रदर्शनाची तारीख १८ डिसेंबर २०२६ अशी जाहीर झाली. तेव्हा स्टुअर्ट शहाऐंशी वर्षांचे असतील, मॅकेलन सत्त्याऐंशी. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी हे दोघे मॅग्नेटोच्या प्लास्टिकच्या तुरुंगात बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर बसले होते, एक साठीचा आणि एक साठीपार. त्या डावाला आता सव्वीस वर्षे झाली. या वेळी त्यांना समोरासमोर बसवले, तर कॅमेरा जवळ नेऊन त्यांचे हात दाखवा. प्यादे उचलताना बोटे थरथरली तर थरथरू द्या, आणि तो थरथराट संगणकाने पुसू नका.